सांडूंच्या पत्रिकेतली नऊ लेकरं

लग्नपत्रिकेत लेकरांची नावं अगदी तळाला असतात. वर कुलदैवत, मग स्वर्गवासी आजे-पणजे, मग आई-बाप, काका-मामा, भाऊबंद, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि ह्या सगळ्या मोठ्या माणसांच्या पायाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं म्हणत दाटीवाटीनं बसलेली किलबिल. मोठ्यांची नावं कुणी वाचो न वाचो, लेकरं मात्र पत्रिका हातात आली रे आली की सरळ तळाशी बोट लावतात. आता बोला, नेमकी तीच जागा कोरी निघाली तर?

सांडूंच्या पत्रिकेत तसंच झालं. कन्नड गावचे मोतीराम सांडू सकाळच्या एसटीनं आले, क्रांती चौकात उतरले आणि काखेत पत्रिकांचा गठ्ठा घेऊन मागच्या गल्लीतल्या पुंजाराम अण्णांच्या दुकानात शिरले. ना रामराम, ना पाणी.

“अण्णा, आमची लेकरं कुठं गेली?”

“कुठं म्हंजी? असतील की खाली.”

“पाहा ना मग.”

अण्णांनी चष्मा पुसला, पत्रिका उजेडात धरली. ‘काकाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत सगळं ठीक. त्याच्याखाली चार बोटं नुसता गुलाबी कागद. आठशे पत्रिका, आणि आठशेच्या आठशे अशाच.

मोतीराम ओरडले असते तर बरं झालं असतं. पण माणूस मवाळ. खुर्चीवर टेकत ते हळूच म्हणाले, “माझी नात पहिलीत हाय, अण्णा. आत्ताशीक वाचाया येऊ लागलंय तिला. पत्रिका घेऊन कोपऱ्यात बसली, आन् अर्ध्या घंट्यानं उठून आली. म्हणली, आबा, मी नाय का लग्नात?”

मोतीरामांनी मोबाईल काढला. वीस दिवसांपूर्वी अण्णांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं प्रूफ त्यात होतं, आणि त्या प्रूफात नऊच्या नऊ लेकरं टुणटुणीत हजर होती. “मी पाहिलं तवा समदे व्हते,” मोतीराम म्हणाले. “मग पुसलं कोणी?”

दुकानात अण्णांशिवाय कुणी नसतंच. कंप्युटरला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. मग पुसणार कोण?

बरं, माणूस असा तसा नव्हे हा. सव्वीस वर्षं पत्रिका करतोय, आणि सव्वीस वर्षांत एक नाव गाळलं असेल तर शपथ. कुठल्या घरात थोरल्या काकाचं नाव मोठ्या अक्षरात लागतं, कुठल्या दोन जावांची नावं एका ओळीत चालत नाहीत, कोणत्या आजोबांच्या नावापुढं गेल्या पावसाळ्यात ‘कै.’ लागलं, सगळं तोंडपाठ. नवीन पत्रिका म्हणून ते कधी कोऱ्या पानावर करतच नाहीत. त्या घरातली मागची पत्रिका उघडायची, तिची नक्कल करायची, नवरा-नवरी बदलायचे, वारलेले वर न्यायचे, जन्मलेले खाली बसवायचे. दिवसभरात एका पत्रिकेच्या आठ-दहा नकला होतात. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी दुकान झाडायचं, आणि झाडून झालं की कंप्युटरमधल्या दिवसभराच्या कच्च्या नकलाही पुसून टाकायच्या. केर साचू द्यायचा नाही, ना फरशीवर ना पडद्यावर. ही त्यांची शिस्त.

त्या दिवशी मात्र मोतीराम गेल्यावर अण्णांनी दुपारीच शटर ओढलं.

चार दिवसांनी अण्णांच्या बायकोचा, चतुराबाईंचा, तनुजाला फोन आला. तनुजा ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन गारखेड्याला राहते, म्हणजे माहेर रिक्षानं दहा मिनिटांवर. तरी आईचा फोन कामाच्या वेळात आला की तिच्या काळजात धस्स व्हायचंच.

“तुझ्या अण्णायचं काही खरं नाय बाई,” चतुराबाई म्हणाल्या. “बादाम भिजू घालू लागलेत.”

“बदाम? मग खाऊ दे ना, आई. चांगले असतात.”

“आगं, रोज अकरा! मोजून! आन् पहाटं उठून एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागलेत. काल मला इचारलं, चतुरा, आपल्या लग्नात तुझ्या मावशीनं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं व्हतं? मी म्हणलं मला काय मालूम! तर म्हणले, तुला बी आठवत नाय ना? आन् तोंड असं खुललं बाई, जशी लॉटरीच लागली.”

तनुजा हसली. पण संध्याकाळी दुकानात पाऊल टाकलं, बापाला पाहिलं आणि ते हसू मावळलं. अण्णा एक नाव टाइप करायचे, मग बोट ठेवून वाचायचे, मग वहीत लिहून घ्यायचे, मग पुन्हा पडद्यावर आहे का ते बघायचे. ज्या माणसाची बोटं कीबोर्डवर बघता बघता दिसेनाशी व्हायची, त्याची ही गत.

“अण्णा, काय झालं?”

“काय नाय. ये, बस.” मग न राहवून ते म्हणालेच. “तनू, दुकान देऊन टाकावं म्हणतो. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण मागं लागलाय. सांडूची लेकरं मी पुसली. माझ्या हातानं. आन् मला त्याची यादच नाय. टायपायचं राहिलं असतं तर गोष्ट येगळी. पण टायपून, प्रूफ पाठवून, मग पुसायची, आन् ध्यानात बी ऱ्हायचं नाय? माझ्या आज्याचं असंच सुरू झालतं. पुढं पुढं ते आपल्याच घरात, घर कुठंय म्हणून इचारायचे.”

“अहो, एखाद्या वेळी होतं असं.”

“एखाद्या वेळी? चार पत्रिका सापडल्या अशा. दोन तर उघडतच नायत. काय केलं म्या त्यायचं, देव जाणे.”

“कंप्युटरचाही घोळ असू शकतो ना?”

अण्णांनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं देवाला शिवी दिली. “कंप्युटर तू बसवून दिलाय. तो कशाला चुकंल?”

हे वाक्य तनुजाला लागायचं तसं लागलं, पण का लागलं ते कळायला आणखी अर्धा तास जायचा होता.

त्याचं असं आहे. अण्णांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बाबा आदमच्या जमान्यातलं. नव्या मशीनवर ते चालत नाही, आणि अण्णा दुसऱ्यावर चालत नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी जुना कंप्युटर अखेरच्या घटका मोजू लागला तेव्हा तनुजानं त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली आणि नव्या लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून बसवली. म्हणजे लॅपटॉपच्या एका खिडकीत तोच जुना कंप्युटर, तोच निळा पडदा, तीच अक्षरं. त्या आतल्या कंप्युटरला पत्ताही नाही की आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय. आणि असली व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवायचं हीच तनुजाची नोकरी. घरी बसून, पुण्याच्या एका कंपनीसाठी. त्यातही तिच्याकडं डिस्कचं खातं. आतल्या मशीननं ‘एवढी जागा मला आता नको’ म्हटलं, की बाहेरच्या लॅपटॉपवर ती जागा मोकळी करून द्यायची. त्याला डिस्कार्ड म्हणतात.

तीन आठवड्यांपूर्वी अण्णांनी तक्रार केली होती, “रोज झाडतो, तरी जागा नाय म्हणतंय.” तनुजानं पाहिलं तर खरंच. बाहेरचं सॉफ्टवेअर डिस्कवरची बारीक बारीक घरं सारख्या खणांत मोजतं, आणि पूर्ण रिकामा झालेला खणच सोडतं. अण्णांची डिस्क जुन्या काळची, तिची सुरुवात त्रेसष्टाव्या घरापासून. चौसष्टाव्यापासून असती तर सगळं खणात चपखल बसलं असतं. ह्या एका घराच्या फरकानं प्रत्येक गोष्ट अर्धी ह्या खणात, अर्धी त्या खणात. छोट्या छोट्या नकला पुसून एकही खण पुरता रिकामा व्हायचा नाही, आणि लॅपटॉप फुगत चाललेला.

कंपनीतही हेच काम तिच्यापुढं होतं. तिनं झटून नवा भाग लिहिला, विशाखाताईंनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, तो तपासला, सगळ्या चाचण्या पास. येत्या शुक्रवारी तो सगळ्या ग्राहकांकडं जायचा होता. आणि तनुजाबाईंनी काय करावं? त्याआधीच एका रविवारी, आईच्या हातची शेवभाजी खाऊन, तो बापाच्या लॅपटॉपवर चढवला. हौस! जागा भराभर मोकळी झाली, अण्णा खूश, पोरगी त्याहून खूश.

आता तिनं सांडूंची फाईल आतून उघडली. अक्षरं व्यवस्थित चालली होती, चालली होती, आणि एका जागी अचानक सगळी शून्यं. माणसानं पुसलं तर असं होत नाही. माणूस पुसतो तेव्हा फाईल आखूड होते, ही तर होती तेवढीच लांब होती. शून्यं कुठून सुरू होतात ते तिनं मोजलं. खणाच्या काठापासून. अगदी काटेकोर काठापासून.

तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, स्वतःचा कोड उघडला, आणि दोन ओळींकडं बघत बसली. मोकळ्या जागेची सुरुवात खणाच्या मधेच आली तर पुढच्या काठापर्यंत सरकायचं, शेवट मधेच आला तर मागच्या काठावर यायचं, म्हणजे आत आत यायचं. तिनं दोन्हीकडं उलटं लिहिलं होतं. सुरुवात मागं सरकवली होती, शेवट पुढं. त्यामुळं पुसायच्या नकलेबरोबर अल्याडच्या फाईलची शेपटी जायची आणि पल्याडच्या फाईलचं डोकं. कंपनीच्या चाचण्यांतल्या डिस्क सगळ्या नव्या, सगळ्या काठाला काठ लावून बसलेल्या. तिथं आत या की बाहेर जा, उत्तर एकच. हे उघडं पडायला त्रेसष्टापासून सुरू होणारी डिस्क हवी होती आणि रोज संध्याकाळी न चुकता केर काढणारा माणूस हवा होता.

खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं की गुपचूप दुरुस्त करावं. ‘अण्णा, व्हायरस होता’ म्हटलं की झालं. पण ती जागची उठली आणि आधी गल्लीत जाऊन विशाखाताईंना फोन लावला. “ताई, शुक्रवारचं थांबवा. माझी चूक आहे. लोकांचा डेटा जाईल.” ताई म्हणाल्या, “पास तर मीच केलं होतं गं. थांबवते. तू ठीक आहेस ना?” ती ठीक नव्हती. तरी आत येऊन बापासमोर स्टूल ओढून बसली.

“अण्णा, लेकरं तुम्ही नाही पुसली. मी पुसली.”

“तू? तू तर सांडूला वळखत बी नायस.”

कसं सांगावं? तिची नजर कोपऱ्यातल्या कटिंग मशीनवर गेली. “अण्णा, गठ्ठा कापताना पातं निशाणीवर नाही बसलं, पातं एक बोट इकडं नाहीतर तिकडंच बसणार असेल, तर तुम्ही काय करता?”

“काय म्हंजी? निशाणीच्या भाईर घेतो. कागद जास्त ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे, अक्षराला पातं लागू द्यायचं नाय.”

“मी अक्षरावर लावलं. तुम्ही संध्याकाळी कच्च्या नकला पुसायचात ना, ती रद्दी मी कापत होते. पण निशाणी चुकवून, बाजूची चांगली पत्रिकापण थोडी थोडी कापत गेले. त्या रविवारी जे बसवून गेले, त्यानं. आणि आधी सगळ्याची एक प्रत ठेवायला हवी होती, तीही नाही ठेवली. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, आणि माझी प्रती ठेवायची डिस्क घरी राहिली होती, म्हटलं काय होतंय. आत्ता पुण्याचं कामही थांबवायला लावलं.”

तनुजा मान खाली घालून बसली. लहानपणी शाई सांडल्यावर बसायची तशीच.

“म्हंजी,” अण्णा म्हणाले, “म्या पुसलं नाय?”

“नाही.”

“त्या दोन उघडत नायत, त्या बी?”

“त्याही मीच.”

“म्हंजी माझं डोस्कं जाग्यावर हाय?”

“अहो अण्णा, ठणठणीत आहे!”

“आरं तिच्या मायला!” अण्णा उभेच राहिले. रागावले की काय म्हणून तनुजा दचकली, तर गडी हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी. आधी घरी फोन. “चतुरा! ते बादाम काढ पाण्यातून! शिरा कर त्याचा! आगं, पोरीनं केलतं समदं!” मग कन्नडला, स्पीकर लावून. “मोतीरामभाऊ! लेकरं सापडली! माझ्या पोरीनं पुसली व्हती!”

“पोरीनं? काहून?”

“इंजिनेर हाय ना ती! मशीनच्या आतली मशीन करती. तिथं तिची लई मोठी चूक झाली, लई म्हंजी लईच मोठी! पुण्याचं बी काम थांबलं त्याच्यापायी!”

इतक्या अभिमानानं चूक सांगितलेली तनुजानं जन्मात ऐकली नव्हती. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बापाचा आवाज चार दिवसांनी असा भरून आलेला ऐकून तिला हसूही आवरेना. अण्णांनी तिथल्या तिथं कबूल केलं की नऊ लेकरांची वेगळी रंगीत चिठ्ठी छापून, प्रत्येक पत्रिकेत घालायला, परवाच्या एसटीनं धाडतो. “लेकरायची येगळी चिठ्ठी?” मोतीराम खुदकन हसले. “मग तर नात माझी हवेतच चालंल, अण्णा. मोठ्यायचं पाकीट बाजूला ठिवून तेवढीच वाटत फिरंल.”

फोन ठेवला आणि मग खरं काम निघालं. तनुजानं आधी आपला तो भाग काढून जुना बसवला. दसऱ्याला कंप्युटरची पूजा करताना अण्णा पेन ड्राईव्हवर सगळ्याची नक्कल काढून झेंडूच्या फुलांत ठेवतात, त्यामुळं तोवरचं सगळं शाबूत होतं. दसऱ्यानंतरच्या अडतीस पत्रिकांना मात्र कुठं ना कुठं कात्री लागली होती.

“उद्या एकेकाला फोन करते,” ती म्हणाली. “छापलेल्या पत्रिकेचा फोटो मागवू, आणि बघून टाइप करू.”

“फोटो कशाला? मी सांगतो, तू टायप कर.”

“अण्णा, अडतीस घरं आहेत.”

“मग? बस.”

ती बसली. दहावीच्या सुट्टीत ह्याच स्टुलावर ती टायपिंग शिकली होती, बोटांना अजून आठवत होतं. पण मनात धास्ती होती. आत्ता कुठं ह्यांचा जीव भांड्यात पडलाय, आणि एखादं नाव अडलं तर? पुन्हा एकोणतिसाचा पाढा?

अण्णांनी डोळे मिटले. आधी सांडूंची नऊ. मग पिशोरचे काळे, मग बिडकीनचे ते तीन भाऊ, ज्यांच्या तिघांच्या थोरल्या पोरांची नावं एकाच अक्षरावरून. नावं अशी येऊ लागली की जणू लेकरं शाळा सुटून बाहेर पडतायत. अधूनमधून शेरे होतेच. “हिचं नाव आधी टाक, ही रुसती.” “ह्याचं बारसं पत्रिकेच्या आदल्या दिवशी झालतं, थांबून घेतलं व्हतं मी.” “ही दोघं जुळी, जोडून लिही, मधी कुणाला घालू नको.” तनुजाची बोटं पुरेनात. चतुराबाईंनी शिरा दुकानातच आणून दिला, तो डाव्या हातानं खात अण्णा सांगत राहिले. वीस झाल्या, तीस झाल्या. सदतीस झाल्या, आणि एक मात्रा चुकली नाही.

अडतिसावी चितेगावची. “मोनिका,” अण्णा म्हणाले, “ऋतुराज, मग तिसरी...” आणि थांबले.

तनुजाची बोटं थांबली. अण्णांनी कपाळ चोळलं, छताकडं पाहिलं. तिसरी पोर गोरी, तिच्या बापानं मुद्दाम पुन्हा येऊन नाव घालायला लावलं होतं, सगळं आठवत होतं, नावच तेवढं येईना. तनुजाला वर बघायचा धीर होईना. चार दिवसांची ती भेदरलेली नजर पुन्हा दिसली तर काय करायचं, हेच तिच्या मनात. तोच तिच्या पाठीवर थाप पडली.

“नाय आठवत बुवा!” अण्णा मनापासून हसत होते. “घे, लाव चितेगावला फोन. आन् ध्यानात ठिव, हे मात्र माझं मी इसरलो. ह्याच्यात तुझा काय बी हात नाय!”